रूळ आणि पोलाद



 वस्तू आणि तिचे द्रव्य एकच की वेगळे, या प्रश्नावरच्या संमेलनासाठी आपण भिलाईच्या शेजारचे हे उतई गाव निवडलेत, याचा मला फार आनंद आहे. छत्तीसगड 1854 पर्यंत नागपूरकर भोसल्यांकडे होते. मराठी इथे पाहुणी नाही.

माझी नोकरी भिलाईच्या रेल मिलमध्ये झाली. दल्ली-राजहऱ्याच्या लाल दगडाचे लोखंड होते, लोखंडाचे पोलाद, पोलादाचा रूळ. रुळाच्या अंगावर हीट नंबर असतो. तो खरे तर पोलादाच्या एका घाण्याचा; त्याच घाण्यातून कितीतरी रूळ निघतात. झिजलेला रूळ भंगारातून पुन्हा भट्टीत गेला, की पोलाद राहते, रूळ जातो. झोतभट्टीचे नेमके उलटे. भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांनी 4 फेब्रुवारी 1959 रोजी केले. भट्टीतले विटांचे अस्तर झिजते, ते काढून नवे चढवतात, आणि कामगार तिला जुन्याच नंबराने ओळखतात. द्रव्य बदलले, भट्टी तीच.

छांदोग्य उपनिषदात उद्दालक श्वेतकेतूला मातीच्या गोळ्याबरोबर लोखंडी नराणीचाही दाखला देतो. लोखंड कळले की लोखंडाचे सारे कळले. आकार म्हणजे नुसते नाव. कीर्तनातला सोने आणि दागिन्यांचा दृष्टांत ऐकतच मी वाढलो. तरी माझे मन गौतमाच्या न्यायसूत्रांकडे ओढ घेते. एक भाग धरून ओढला की सगळी वस्तू येते, म्हणून अवयवी, म्हणजे अखंड वस्तू, हा अवयवांहून, म्हणजे तिच्या भागांहून, वेगळा, असे तिथे म्हटले आहे. रुळाचे एक टोक ओढले की दुसरे हलते, हे मी रोज पाहिले. भंगाराच्या ढिगातला तुकडा ओढला तर तुकडाच हाती येतो.

पण मग रुळाचे वेगळे वजन कुठे आहे? वजनकाट्यावर पोलादाचेच वजन भरते. या जुन्या आक्षेपाने मला वर्षानुवर्षे स्वस्थ बसू दिलेले नाही. आज त्यावर आपल्याकडून ऐकायचे आहे.

व्यासपीठाच्या डावीकडे रुळाचा हातभर तुकडा ठेवला आहे. चहाच्या वेळी त्यावरून जरूर हात फिरवा. त्याला रूळ म्हणावे की पोलाद, हे मी पहिल्या सत्रातल्या वक्त्यांना विचारणार आहे.