पहिल्या हिमाचा भरवसा

धामनोदकरांना उन्हाळा ठाऊक आहे. हिम मात्र बहुतेकांनी चित्रातच पाहिलेले असते. तरीही हिमस्खलनाचा विषय आपल्याला परका राहिलेला नाही. निमाड-माळव्यातील तरुण मंडळी अलीकडे दसरा-दिवाळीच्या सुटीत हिमालयाची वाट धरतात, आणि उंच पर्वतांवर नवे हिम पडू लागते तेही याच सुमारास. थर अजून पातळ आहे, तेव्हा भय थोडे, असा समज त्या वेळी सहज होतो. तो घातक आहे.

त्याचे कारण असे. पहिले हिम पडते तेव्हा जमिनीत उन्हाळ्याची ऊब उरलेली असते. वरची हवा मात्र रात्री शून्याच्या पुष्कळ खाली जाते. थर पातळ असल्याने हा मोठा फरक थोड्याच अंतरात सामावतो. तळची वाफ वर सरकते आणि तेथील कण साखरेच्या रव्यांसारखे मोठे व सुटे होतात. पुढे त्यांवर नवे हिम पडून वाऱ्याने दडपले गेले, म्हणजे ज्वारीच्या दाण्यांवर फरशी ठेवावी तशी अवस्था होते. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर अशी फरशी एका माणसाच्या भारानेही सुटू शकते.

खलघाटला निरभ्र आकाशाखाली नर्मदा चढताना आपण पाहतो. पाऊस वर कोठेतरी आधीच पडून गेलेला असतो. पर्वतावरही आजच्या स्वच्छ उन्हावर विसंबून चालत नाही. मागील काही दिवसांत किती हिम पडले आणि वाऱ्याने ते कोणत्या उतारावर नेऊन टाकले, हे पाहावे लागते.

१२ ऑक्टोबर २०१४ रोजी हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकले. दोनच दिवसांनी त्याच्या अवशेषांनी नेपाळातील थोरोंग खिंडीच्या परिसरात हिमवादळ माजविले; त्यात व हिमस्खलनांत चाळीसहून अधिक माणसे दगावली. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे पथक द्रौपदी का डांडा या शिखरावर हिमस्खलनात सापडले आणि पंचवीसहून अधिक जण मृत्युमुखी पडले. ते प्रगत प्रशिक्षण घेणारे व देणारे लोक होते. तेव्हा केवळ अनुभव पुरेसा नाही, हे उघड आहे.

यास्तव काही नियम पाळावेत. हवामान खात्याचे अंदाज व हिमस्खलनाचे इशारे रोज ऐकावेत. नवे हिम पडल्यावर निदान एक-दोन दिवस तीव्र उतार टाळावेत. पायाखाली ‘धप्प’ असा पोकळ आवाज आला, तर तो उतार सोडावा. धोक्याची जागा ओलांडणे भागच असेल, तर एकेकाने ओलांडावी. गाडला गेलेला मनुष्य वाचण्याची आशा मुख्यतः पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच असते. म्हणून शोधयंत्र, शोधकाठी व फावडे प्रत्येकाजवळ हवे, मदत खालून येईपर्यंत वेळ उरत नाही.

पैसे भरले आहेत, परतीचे तिकीट काढले आहे, सुटी संपत आली आहे, या विचाराने अनेकांचे पाऊल पुढे पडते. म्हणून मुलांना पाठविण्यापूर्वी आईवडिलांनी संयोजकांना एवढेच विचारावे : हिम पडले तर परत फिरण्याचा निर्णय कोण घेणार, आणि तो घेतल्यास पैशांचे काय? उत्तर समाधानकारक नसेल, तर मुलांनी यंदाची दिवाळी घरीच करावी.