भिंतीत जिरणारी वीज

(जिल्ह्यातील विद्युत ठेकेदार, वीजतंत्री व तारतंत्री यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा थोडा संक्षेप केलेला मजकूर.)



तुमच्यापुढे बोलताना मला संकोच वाटतो आहे, हे प्रथमच सांगून टाकतो. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले. घरातला फ्यूज गेला तर मी आजही शेजारच्या मुलाला हाक मारतो. तरीही हे निमंत्रण मी स्वीकारले, कारण तुमच्या धंद्यातील एका प्रश्नात माझाही हात गुंतलेला आहे. तो कसा, ते ओघात येईल.

इमारतींनी किती वीज वापरावी याविषयीचे कायदे जगात बहुतांशी १९७३ च्या तेलसंकटानंतर आले. आपल्याकडे ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ साली झाला, २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो स्थापन झाला आणि २००७ मध्ये व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता प्रसिद्ध झाली. तिची सुधारलेली आवृत्ती २०१७ ची. निवासी इमारतींसाठी २०१८ मध्ये ‘इको-निवास संहिता’ आली आणि २०२२ च्या दुरुस्तीने निवासी इमारतीही मूळ कायद्याच्या कक्षेत घेतल्या. प्रारंभी ही मर्यादा ५०० किलोवॅट जोडभाराची होती. २०१० च्या दुरुस्तीने ती १०० किलोवॅट किंवा १२० केव्हीए करारमागणी इतकी खाली आणली. याचा अर्थ असा की एके काळी केवळ मुंबई-पुण्यातील काचेच्या मनोऱ्यांना लागू पडणारी ही भाषा आता तालुक्याच्या गावातील रुग्णालय, महाविद्यालय आणि मंगल कार्यालय यांच्या दारापर्यंत आली आहे. आणि त्या दारात, हातात टेस्टर घेऊन, तुम्ही उभे आहात.

कायद्याने संहितापालनाची जबाबदारी कोणावर टाकली? मालकावर किंवा भोगवटादारावर. ठेकेदाराचे नाव तेथे नाही. पण प्रत्यक्षात काय घडते? विजेचे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच, प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली व्हावे, हे तत्त्व १९५६ च्या भारतीय वीज नियमांपासून आजच्या २०२३ च्या विनियमांपर्यंत कायम आहे. म्हणजे मालक पैसा देतो, वास्तुविशारद नकाशा देतो, आणि काम नीट झाले असे लिहून देणारी सही मात्र ठेकेदाराची असते. ज्याच्या हाती निर्णय आहे त्याची सही नाही, आणि ज्याची सही आहे त्याच्या हाती निर्णय नाही. आपल्या समाजरचनेत ही गोष्ट नवी नाही; पण येथे ती तांब्या-अ‍ॅल्युमिनियमच्या तारेत मोजता येते, एवढेच.

आता माझ्या हाताविषयी. २०१९ मध्ये एका शिक्षणसंस्थेच्या नव्या इमारतीच्या बांधकाम समितीवर मी होतो. संस्थेचे नाव सांगत नाही. दोष एकट्या संस्थेचा नव्हता. विद्युतकामासाठी तीन निविदा आल्या. त्यांतली एक माझ्याच जुन्या विद्यार्थ्याची होती. अर्थशास्त्रात पदवी घेऊन नोकरी न मिळाल्याने तो मामाच्या हाताखाली वायरिंग शिकला आणि पुढे परवाना काढून ठेकेदार झाला. त्याची रक्कम सर्वांत जास्त होती. बैठकीत कोणीतरी म्हणाले, “सरांच्या विद्यार्थ्याला सरांचा भाव ठाऊक दिसत नाही.” सगळे हसले, मीही हसलो. सर्वांत कमी रकमेच्या निविदेवर आम्ही पाचही जणांनी सह्या केल्या.

महिनाभराने तो भेटायला आला. तक्रार करायला नव्हे, पेढे द्यायला; त्याला मुलगी झाली होती. जाता जाता म्हणाला, “सर, एक विचारू? माझा कागद तुम्ही वाचला होता का?” मी वाचला नव्हता. मी बेरीज पाहिली होती. सीमान्त खर्च आणि दीर्घकालीन खर्च यांतील भेद मी तीस-पस्तीस वर्षे फळ्यावर काढून दाखवला होता, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा शेवटच्या ओळीतला आकडा पाहून मोकळा झालो होतो.

त्याच्या कागदात काय होते? वास्तुविशारदाने तपशिलात ‘संहितेनुसार’ असा शब्द घातला होता, तो या मुलाने खरा मानला. मुख्य फलकापासून वरच्या मजल्यांच्या फलकापर्यंत साधारण साठ मीटर अंतर. तेथे त्याने सत्तर चौरस मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियम केबल धरली होती. ज्याला काम मिळाले त्याने पस्तीसची. प्रत्येक मजल्याला स्वतंत्र मीटर, वर्गखोल्यांत माणूस नसताना दिवे बंद करणारी संवेदके, आणि काम पूर्ण झाल्यावर भार टाकून मोजणी करण्याचे दोन दिवस, हे सारे त्याने स्वतंत्र बाबी म्हणून लिहिले होते. इतर दोघांनी ते ‘समाविष्ट’ म्हणून एका शब्दात उरकले होते.

पस्तीसची केबल धोकादायक होती का? नाही. ८० अँपिअरचा भार चांगल्या प्रतीची केबल सहन करते, आणि व्होल्टेजची घटही मर्यादेत राहते. पण गणित मांडून पाहा. पस्तीसच्या अ‍ॅल्युमिनियम तारेचा रोध किलोमीटरला ०.८६८ ओहम, सत्तरच्या तारेचा ०.४४३. साठ मीटर अंतर आणि तिन्ही फेजांत ८० अँपिअर धरले तर पहिल्या केबलीत सुमारे १,००० वॅट केवळ उष्णता होऊन जातात, दुसरीत सुमारे ५१० वॅट. हा हिशेब थंड तारेचा आहे. तार तापली की रोध वाढतो आणि नुकसानही वाढते. इतका भार वर्षाकाठी ३,००० तास राहिला तर फरक होतो सुमारे १,४७० युनिटांचा, आणि तो दरवर्षी, केबल भिंतीत असेपर्यंत. दहा रुपये युनिट धरले तर चौदा हजार सातशे रुपये. एका केबलीचे, एका वर्षाचे.

येथे संहितेविषयी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. २००७ च्या संहितेने इमारतीच्या आतील वाटपातील हानी एकूण वापराच्या एक टक्क्याहून जास्त असू नये असे म्हटले होते. २०१७ मध्ये साध्या श्रेणीसाठी ही मर्यादा तीन टक्के झाली. एक टक्का आता फक्त सर्वोच्च श्रेणीला उरला आहे. व्यवहार्यता म्हणून हे केले असेल, माझा त्यावर फार आक्षेप नाही. पण वरच्या उदाहरणात त्या एका केबलीनेच पावणेदोन-दोन टक्के खाल्ले. मग मजल्यांवरच्या साऱ्या वायरिंगला उरला जेमतेम एक टक्का. ती इमारत तीन टक्क्यांत बसते की नाही? कोणालाच ठाऊक नाही, कारण मोजणीचे पैसे कोणी दिलेच नाहीत. कागदावर ती बसते. आपल्याकडे बहुतेक गोष्टी कागदावर बसतात.

केबलीची किंमत बांधणारा देतो आणि विजेचे बिल राहणारा भरतो, हे या रोगाचे मूळ. बांधणारा आणि राहणारा एकच असला, जसे आमच्या संस्थेत होते, तरीही बांधकामाचा पैसा एका खात्यातून जातो आणि बिलाचा दुसऱ्या. मग ज्या ठेकेदाराला संहिता पाळायची आहे त्याने काय करावे? त्याने निविदा भरली तर ती नापास होते. न पाळता भरली तर काम मिळते आणि सहीही त्यालाच करावी लागते. जो नियम पाळणाऱ्याला बाजारातून हाकलतो आणि मोडणाऱ्याला पोसतो, तो नियम कितीही उदात्त असला तरी त्याचा भार शेवटी सर्वांत खालच्या माणसावर पडतो. तुमच्यातले तारतंत्री पॉइंटच्या दराने काम करतात. पॉइंट जितके जास्त तितकी मजुरी. जोड नीट घट्ट केला, फेजांचा भार समतोल वाटला, म्हणून कोणी जादा पैसे देत नाही. उलट त्यात वेळ गेला तर दिवसाची कमाई घटते. आणि परवाना एकाचा, काम दुसऱ्याचे, हा प्रकारही या सभागृहाला अपरिचित नसावा. मी त्यावर नीतिपाठ देणार नाही. ज्या धंद्यात प्रामाणिकपणाची बाब दरसूचीतच नाही, तेथे तो प्रत्येकाने खिशातून भरावा ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

कोणी म्हणेल, हजार-दीड हजार युनिटांसाठी एवढा खटाटोप कशाला? वीज कोठून येते ते आठवावे. कोयनेच्या पाण्यासाठी ज्यांची गावे गेली, त्यांना पुनर्वसनासाठी दशकानुदशके मोर्चे काढावे लागले. चंद्रपूर आणि कोराडीच्या परिसरातील माणसे राखेची किंमत आजही श्वासातून मोजतात. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत शेतकरी रात्री-अपरात्री मोटार चालू करायला बांधावरून जात होता, आणि शहरातल्या भिंतींमधल्या तारा ऊब देत होत्या. भिंतीत जिरलेल्या युनिटाची किंमत बिलात पुरती येत नाही. तिचा काही भाग दुसऱ्याच कोणी आधी भरलेला असतो.

मग करायचे काय? केवळ उपदेशाने हे बदलत नाही, हे दिव्यांच्या बाबतीत दिसले आहे. एलईडी दिवा घ्या असे वर्षानुवर्षे सांगितले जात होते. घेत होता तो पैसेवाला. सार्वजनिक कंपनीने देशभराची मागणी एकत्र करून खरेदी केली, तेव्हा तिला २०१४ मध्ये ३१० रुपयांना पडणारा दिवा २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. सामूहिक खरेदीने जे झाले ते आवाहनांनी झाले नव्हते. केबल, संवेदके आणि मीटर यांचे गणित अगदी तसेच नाही, पण शासन हे आजही शाळा, दवाखाने, कार्यालये यांचे फार मोठे बांधकाम करणारे आहे. त्याच्या निविदेत वीस वर्षांच्या विजेचा खर्च धरून तुलना करण्याची अट आली, तर खासगी बाजाराला तिची दखल घ्यावीच लागेल. भार टाकून मोजणी करणे ही दरसूचीत स्वतंत्र बाब असावी, तिचे पैसे ठेकेदाराला मिळावेत, आणि मोजणीचा कागद इमारतीच्या दर्शनी भागात लावावा. नगरपालिकेतल्या आपल्या सदस्यांनी पुढच्या शाळा-इमारतीच्या वेळी निदान एवढा एक प्रश्न सभागृहात विचारावा: विद्युतकामाच्या तीन निविदांचा तुलनातक्ता करताना केबलीचा आकार कोणी पाहिला का?

तुमच्या संघटनेनेही एक गोष्ट करण्याजोगी आहे. ‘संहितेनुसार’ असा शब्द असलेली निविदा आली की त्या शब्दाखाली काय काय येते याची यादी सर्व ठेकेदारांनी मिळून ठरवावी, आणि तिच्याखाली कोणी भाव भरू नये. मालकवर्ग याला संगनमत म्हणेल. किमान वेतनाला तरी त्याने वेगळे काय म्हटले होते?

गेल्या महिन्यात माझ्या विद्यार्थ्याला घेऊन मी त्या इमारतीत गेलो. दुपारची वेळ, सारे वर्ग चालू, वातानुकूलन यंत्रे चालू. त्याने क्लॅम्प मीटर लावला: ७८ अँपिअर. रिकाम्या खोल्यांतले दिवे जळत होते. संवेदके छतात होती, पण त्यांच्या तारा जोडलेल्या नव्हत्या. त्याने वहीत आकडे लिहिले, खाली तारीख घातली आणि सही करण्यासाठी वही माझ्यापुढे धरली. “तुमची सही घ्या सर,” तो म्हणाला, “माझ्या सहीला तिथे कोण विचारतो?” सही केली आहे. पुढच्या आठवड्यात समितीची बैठक आहे. केबल बदलण्याचा आणि संवेदके जोडण्याचा खर्च किती येईल याचे अंदाजपत्रक त्याच्याकडून मागवले आहे, आणि या वेळी ते मी वाचले आहे.