काच, मणी आणि लोणार

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षानिमित्त चेन्नई येथे भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



हीरक महोत्सवाच्या प्रसंगी हिऱ्याविषयी बोलावे, अशी अपेक्षा स्वाभाविक आहे. आजचा विषय मात्र काच हा आहे. तीही भट्टीत तयार होणारी नव्हे, तर निसर्गाने स्वतः घडविलेली. हिरा भूगर्भात दीडशे किलोमीटरहून अधिक खोलीवर, प्रचंड दाबाखाली जन्मतो. नैसर्गिक काच बहुधा क्षणार्धात जन्मते आणि त्या क्षणाची नोंद लाखो वर्षे जपून ठेवते. अशी एक दुर्मीळ काच आपल्या महाराष्ट्राच्या मातीत आहे. तिची ओळख करून घेण्यासाठी चेन्नईसारखे दुसरे सोयीचे शहर नाही, कारण काचेच्या अगदी विरुद्ध स्वभावाचा खडक या शहराच्या पायाखाली आहे.

विमानतळाजवळची परंगीमलै, म्हणजे सेंट थॉमस माउंट, आणि तिच्या शेजारचे पल्लावरम ही ठिकाणे येथे राहणाऱ्या प्रत्येकाला परिचित आहेत. तेथील गडद, निळसर-करड्या खडकाला ‘चार्नोकाइट’ म्हणतात. या नावामागची कथा मोठी रंजक आहे. कोलकात्याचा संस्थापक म्हणून ओळखला जाणारा जॉब चार्नोक याच्या थडग्यावरील शिळा याच जातीच्या खडकाची आहे. १८९३ साली थॉमस हॉलंड या भूशास्त्रज्ञाने त्या शिळेचा अभ्यास केला आणि खडकाला चार्नोकचे नाव दिले. हा खडक सुमारे २५० कोटी वर्षे जुना असून पृथ्वीच्या कवचात खोलवर, तीव्र उष्णतेत सावकाश घडला. सावकाश घडल्यामुळे त्याच्या अणूंना आपापल्या जागी रांगेने बसण्यास अवसर मिळाला. अशी शिस्तबद्ध रचना असलेल्या पदार्थाला स्फटिक म्हणतात.

काचेची गोष्ट नेमकी उलट आहे. खडक वितळून रस झाला आणि तो रस एकाएकी थंड झाला, तर अणू जेथे असतील तेथेच थिजतात. त्यांना रांग लावण्यास वेळच मिळत नाही. दिसायला घन, पण रचनेने विस्कळीत असा हा पदार्थ म्हणजे काच. वेळ मिळाला तर स्फटिक, न मिळाला तर काच, एवढे सूत्र ध्यानात ठेवले की पुढचा विषय सोपा होतो.

निसर्गात खडक वितळून झटपट थिजण्याचे प्रसंग थोडे आहेत. ज्वालामुखीचा रस वेगाने थिजला की ऑब्सिडियन ही काळी काच बनते. वाळूत वीज पडली तर तिच्या मार्गाबरहुकूम काचेची नळी तयार होते. तिसरा आणि सर्वांत विलक्षण प्रसंग म्हणजे उल्कापात. मोठी उल्का जमिनीवर आदळते तेव्हा खडक वितळतो, त्याचे शिंतोडे उंच उडतात, हवेत थेंबांचे आकार घेतात आणि खाली पडेपर्यंत काच झालेले असतात. त्यांतील दूरवर फेकल्या गेलेल्या थेंबांना टेक्टाइट म्हणतात. त्यांत पाण्याचा अंश नाममात्र असतो, ज्वालामुखीच्या काचेपेक्षाही कितीतरी कमी.

सध्या दागिन्यांच्या बाजारात गाजत असलेला हिरवा ‘मोल्डावाइट’ हा टेक्टाइटच आहे. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी आजच्या जर्मनीतील रीस येथे उल्का आदळली आणि २४ किलोमीटर व्यासाचे विवर पडले. तेथून उडालेले थेंब शेकडो किलोमीटर दूर, आजच्या चेक प्रजासत्ताकात पडले. इजिप्तच्या पश्चिम वाळवंटातील पिवळी काच याहून जुनी, सुमारे २ कोटी ९० लाख वर्षांची आहे. तूतनखामेन या राजाच्या छातीवरील अलंकारात मधोमध बसविलेला पिवळा भुंगा याच काचेतून कोरलेला आहे. घडविणाऱ्या कारागिराला त्या काचेचा उगम ठाऊक नव्हता; तिचे तेज मात्र त्याने ओळखले होते.

चेन्नईच्या किनाऱ्यापलीकडील महासागराचाही या कथेशी संबंध आहे. सुमारे ७ लाख ९० हजार वर्षांपूर्वी आग्नेय आशियाच्या परिसरात एक प्रचंड आघात झाला. त्याचे काचबिंदू चीनपासून ऑस्ट्रेलियापर्यंत आणि हिंदी महासागराच्या तळापर्यंत विखुरले. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मध्य हिंदी महासागराच्या गाळातून असे बारीक थेंब शोधून काढले आहेत. वाळूच्या कणाएवढी ती काच म्हणजे पृथ्वीच्या एका आपत्तीची मूक साक्ष होय.

आता आपल्या घरची गोष्ट. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर सर्वश्रुत आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, जवळजवळ वर्तुळाकार असे हे विवर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या बेसाल्ट खडकात पडलेले आहे. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याचे वर्णन केले. त्यानंतर दीर्घकाळ ते ज्वालामुखीचे मुख मानले जात होते, आणि तो तर्क अगदीच निराधार नव्हता. सभोवतालचा सारा प्रदेश लाव्हारसाचाच आहे. वादाचा निकाल लावला तो काचेने.

सरोवराच्या तळात वेधन करून काढलेल्या नमुन्यांत ‘मास्केलिनाइट’ नावाची काच सापडली. फेल्डस्पार या खनिजाला वातावरणाच्या काही लाख पट दाबाचा धक्का बसला की स्फटिकाचा बाह्य आकार तसाच राहतो, पण आतली रचना मोडून त्याची काच होते. घराच्या भिंती उभ्या असाव्यात आणि आतील मांडणी पार विस्कटून जावी, तसा हा प्रकार. असा धक्का कोणताही ज्वालामुखी देऊ शकत नाही. फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम या शास्त्रज्ञांनी १९७३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हा पुरावा मांडला आणि लोणार हे उल्काघाताचे विवर असल्याचे जगाने मान्य केले. मास्केलिनाइट प्रथम ओळखला गेला तोही भारतात पडलेल्या एका उल्केत. १८६५ साली बिहारमधील शेरघाटी येथे ती पडली होती. पुढे ती मंगळावरून आल्याचे निष्पन्न झाले. मंगळावरचा खडकही बेसाल्टच. म्हणूनच चंद्र आणि मंगळ यांवरील विवरांचा अभ्यास करणाऱ्यांना लोणार ही पृथ्वीवरील प्रयोगशाळा वाटते.

लोणारच्या काठाबाहेरच्या मातीत काळ्या काचेचे लहान गोलक, थेंब आणि पिळदार तुकडेही सापडतात. आघाताच्या वेळी उडालेले ते शिंतोडे. त्यांपैकी काहींत निकेलचे प्रमाण मूळ बेसाल्टपेक्षा अधिक आहे. ती नष्ट झालेल्या उल्केची खूण. विवराचे वयही अशाच वितळून थिजलेल्या द्रव्यावरून काढतात. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे आले, तर आर्गॉन वायूच्या मोजणीवर आधारलेल्या नंतरच्या संशोधनात सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे. आकड्यांतील एवढी तफावत सुटायची तर त्याचा आधार पुन्हा तेथील काचच असणार.

ज्या जागी आकाशातून अग्नी उतरला तेथे माणसाने देव पाहावा, यात नवल नाही. लवणासुर या दैत्याने जमिनीखाली दडी मारली. विष्णूने वरचे झाकण दूर भिरकावून त्याचा वध केला. ते झाकण आज दूरच्या टेकडीच्या रूपाने उभे आहे आणि सरोवराचे खारे पाणी हे दैत्याचे रक्त, अशी कथा तेथे सांगितली जाते. गावातील दैत्यसूदनाचे देखणे मंदिर त्याच विष्णूचे. विवराच्या आत, खाऱ्या पाण्याच्या काठी कमळजा देवी आहे आणि नवरात्रात तिची यात्रा भरते. काठावरच्या धारेचे गोड पाणी बारमाही वाहते व भाविक तेथे स्नान करतात. कथेचा आणि विज्ञानाचा आराखडा शेजारी ठेवून पाहावा. वरून आलेली महाशक्ती, उडालेले झाकण, खोल खड्डा, खारट पाणी. लोकमानसाने खड्ड्याचा आकार, मोठेपण आणि खारेपण यांचा अर्थ लावला आणि तो कथेच्या भाषेत सांगितला.

या क्षेत्राचा काचेशी आणखी एक नाजूक धागा आहे. अकबराच्या काळातील ‘ऐन-इ-अकबरी’ या ग्रंथात लोणारची नोंद असून काच आणि साबण बनविण्यास लागणारे साहित्य तेथे मिळते, असे म्हटले आहे. सरोवराच्या पाण्यातील खार हेच ते साहित्य. असा खार वाळूत मिसळला की ती कमी उष्णतेत वितळते आणि भट्टीत काच करता येते. ज्या सरोवराच्या जन्मकाळी क्षणार्धात काच झाली, त्याच सरोवराने पुढे माणसाला काच करण्यास साह्य केले!

आता पालकांच्या चिंतेचा प्रश्न. मैलापूरला कपालीश्वराच्या दर्शनाला गेल्यावर स्फटिकाच्या माळा दृष्टीस पडतात. मोबाइलच्या पडद्यावर ‘भाग्य पालटणारा’ मोल्डावाइट आणि ‘अग्निमणी’ या नावाने टेक्टाइट विकला जातो. परीक्षेचा किंवा नोकरीचा ताण असलेला मुलगा वा मुलगी असा खडा मागते, तेव्हा काय उत्तर द्यावे?

पहिले उत्तर वस्तूविषयीचे. रत्नपरीक्षा ही आपली जुनी विद्या आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत रत्नांवर स्वतंत्र अध्याय आहेत. श्रद्धेच्या वस्तूचीही परीक्षा करावी, हा संस्कार परंपरेचाच आहे. खरा स्फटिक म्हणजे क्वार्ट्झ. तो काचेवर ओरखडा काढतो, हाताला अधिक थंड लागतो आणि स्फटिकाच्या मोठ्या गोळ्यातून पाहिल्यास खालची रेघ दुहेरी दिसू शकते. साध्या काचेत यांपैकी काही घडत नाही. मोल्डावाइटची परीक्षा अधिक अवघड असते, कारण खरा खडाही काचच आणि बाटलीच्या हिरव्या काचेपासून केलेला बनावटही काचच. खऱ्यात भिंगाखाली बुडबुड्यांबरोबर वितळलेल्या शुद्ध सिलिकेचे वळसेदार धागे दिसतात आणि कोणतेही दोन तुकडे सारखे नसतात. ओल्या तकाकीचे, एकसारख्या आकाराचे दहा तुकडे एकत्र विकायला असतील, तर ते साच्यातले समजावेत. शंका राहिल्यास रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचा दाखला मागावा.

दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे. खडा धारण केल्याने गुण वाढतात किंवा आजार बरा होतो, याला कोणत्याही प्रयोगाचा आधार नाही. मोल्डावाइटचा संबंध मध्ययुगीन युरोपातील पवित्र पात्राच्या कथेशी जोडणारी पुस्तकेही अलीकडच्या काळातली आहेत. जपासाठी हाती घेतलेली माळ मन एकाग्र करीत असेल, तर ते सामर्थ्य जपाचे आणि जपणाऱ्याचे असते. मणी काचेचा असला तरी त्यात उणे येत नाही. हे मुलांना समजावून सांगताना आजीच्या माळेची थट्टा करण्याचे कारण नाही. आजी त्या माळेकडे निकालाची हमी मागत नसते.

तिसरे उत्तर आपल्या ठेव्याविषयीचे आहे. लोणार हे राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे, अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर यादीतील पाणथळ क्षेत्रही आहे. तेथून आठवण म्हणून किंवा मणी म्हणून उचललेला काचेचा थेंब घरी आला की त्याची साक्ष संपते. तो विवराच्या कोणत्या दिशेला, काठापासून किती अंतरावर, मातीच्या कोणत्या थरात होता, यावरूनच उल्केचा मार्ग आणि आघाताचा काळ उलगडतो. फडताळात ठेवलेला थेंब म्हणजे नुसता काळा खडा.

याचे उत्तम उदाहरण पुन्हा चेन्नईतच आहे. ३० मे १८६३ रोजी रॉबर्ट ब्रूस फूट यांना पल्लावरम येथे अश्मयुगीन हत्यार सापडले. दिसायला तो एक घडविलेला दगड. पण तो कोठे आणि कशा स्थितीत मिळाला याची नोंद झाली, म्हणून भारतीय प्रागितिहासाचा आरंभ त्या दिवसापासून मोजला जातो. त्यांचा संग्रह आज एग्मोरच्या शासकीय संग्रहालयात आहे. या शहरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी एखाद्या रविवारी मुलांना तेथे अवश्य न्यावे, आणि सुट्टीत गावी जाताना लोणारची वाट धरावी. तेथे धारेचे पाणी प्यावे, देवीला नमस्कार करावा, काठावरून विवर डोळे भरून पाहावे आणि रिकाम्या हातांनी परतावे.

साठ वर्षे मुलांना ‘हे कशावरून?’ असे विचारायला शिकविणाऱ्या शाळेच्या हीरक महोत्सवाला याहून उचित भेट ती कोणती? लोणारच्या काठी उभे राहिलेल्या मुलाने एकाच वेळी हात जोडावेत आणि प्रश्नही विचारावा. दोन्हींसाठी तेथे पुरेशी जागा आहे.