बोटांना कळलेले शरीर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कमरेवर इंजेक्शन घ्यायची वेळ आपल्यापैकी बहुतेकांवर कधी ना कधी आलेली असते. त्या वेळी परिचारिका कुल्ल्याच्या वरच्या आणि बाहेरच्या भागातच सुई टोचते. ते का, हे विचारायचे भान त्या क्षणी आपल्याला नसते. कारण असे, की कुल्ल्याच्या खालच्या, आतल्या बाजूने आपल्या शरीरातली सर्वांत जाड नस पायाकडे उतरते. 'सायटिका' या दुखण्यामुळे तिचे नाव घरोघरी पोहोचले आहे. सुई तिला लागली, तर पाऊल वर उचलता येईनासे होऊ शकते.

ही नस पुस्तकातल्या चित्रात पिवळ्या रंगाने ठळक काढलेली असते. जिवंत माणसाच्या अंगावर मात्र कुठेच पिवळी रेघ नसते. कातडीवर हात ठेवायचा आणि आत काय आहे ते ओळखायचे, हेच डॉक्टरचे काम. मग हे बोटांना शिकवायचे कसे? अनेक वर्षे वैद्यकीय विद्यार्थ्यांना शरीररचनाशास्त्र शिकवताना हाच प्रश्न माझ्यासमोर होता. त्याचे एक उत्तर म्हणजे हाताळता येणाऱ्या, जोडता-सोडवता येणाऱ्या प्रतिकृती. आपण त्यांना सरळ मॉडेल म्हणू.

एक उदाहरण सांगतो. आपला हात हलवणाऱ्या नसा मानेतून निघतात. त्यांची मुळे पाच. त्या पाचांची तीन खोडे होतात, प्रत्येक खोडाचे दोन भाग म्हणजे सहा, त्या सहांच्या जुळणीतून तीन दोर होतात आणि शेवटी हातात जाणाऱ्या पाच मोठ्या नसा. ऐकतानाच गुंता झाला ना? विद्यार्थ्यांचाही होतो. ते पाठ करतात, परीक्षेत आकृती काढतात आणि महिन्याभरात विसरतात.

आता हेच विजेच्या तारांनी करा. पाच मुळांसाठी पाच रंगांच्या तारा घ्या, त्या लाकडी फळीवर खिळ्यांमधून ओढा, जिथे जुळतात तिथे पिळा. मॉडेल पुरे झाले, की करंगळीकडे जाणाऱ्या नसेत मुख्यतः खालच्या दोन मुळांचे रंग दिसतात. मनगट वर उचलणाऱ्या नसेत पाचही रंग सापडतात. मग विद्यार्थ्याला सांगायचे, वरच्या दोन तारा काप. पुणे-नाशिक रस्त्यावर दुचाकीवरून कोणी पडले, खांदा आदळला आणि मान उलट बाजूला ताणली गेली, तर नेमकी हीच दोन मुळे दुखावू शकतात. अशा रुग्णाचा हात खांद्यातून उचलला जात नाही, कोपर वाकत नाही. बोटे मात्र हलतात. हे असे का, ते तारा कापणाऱ्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. त्याच्या हातातच उत्तर असते.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. सुश्रुतसंहितेत 'योग्या', म्हणजे सराव, या विषयावर स्वतंत्र अध्याय आहे. कापण्याचा सराव कोहळा, दुधी, कलिंगड, काकडी यांवर करावा. पाणी व चिखल भरलेल्या कातडी पिशवीवर छेद घ्यायला शिकावे. शीर वेधण्यासाठी कमळाचा देठ, टाके घालण्यासाठी जाड वस्त्र आणि मऊ चामडे. पट्ट्या बांधायला तर माणसाचा पुतळाच सांगितला आहे. सगळी शास्त्रे शिकलेल्या शिष्यानेही हा सराव केला पाहिजे, असा त्यामागचा आग्रह आहे. पाठांतराला एवढी प्रतिष्ठा असलेल्या परंपरेतला हा आग्रह मला फार मोलाचा वाटतो.

युरोपात ही गरज वेगळ्या वाटेने पुढे आली. तिथे शवे मिळत नसत आणि मिळाली तरी लवकर कुजत. म्हणून मेणाची शरीरे घडवली गेली. फ्लॉरेन्समधले १७७५ साली खुले झालेले ला स्पेकोला संग्रहालय अशा मेणाच्या शरीरांसाठी आजही प्रसिद्ध आहे. पण मेण हाताळता येत नाही, ते पाहायचे. एकोणिसाव्या शतकात लुई ओझू या फ्रेंच डॉक्टरने कागदाच्या लगद्यापासून सुटे करता येणारे शरीर बनवले. त्याचे भाग क्रमाने काढायचे आणि पुन्हा बसवायचे. गणपतीचे मुखवटे आणि मखरे ज्याच्या आपण करतो, तोच लगदा!

मी राहतो दिघीला. एका अंगाला आळंदीचा रस्ता, दुसरीकडे भोसरीची औद्योगिक वसाहत. या पट्ट्यात फाउंड्रीत काम केलेली माणसे पुष्कळ. ओतकामात पोकळी हवी असेल, तर तिच्या आकाराचा वाळूचा गाभा, म्हणजे 'कोअर', साच्यात बसवतात, हे त्यांना सांगावे लागत नाही. शरीररचनाशास्त्राच्या संग्रहालयांत नेमकी अशीच एक वस्तू असते. फुप्फुसाच्या श्वासनलिकांमध्ये राळेसारखे द्रव्य भरतात, ते घट्ट झाले, की भोवतालचे मांस रसायनाने विरघळवतात. उरते ते पोकळीचे झाड: खोड, फांद्या, डहाळ्या. फाउंड्रीतला कारागीर ते पाहून 'हा तर कोअर' असे म्हणाला, तर तो अगदी बरोबर असेल. हृदयही असेच समजून घ्यायचे असते. बाहेरच्या आकारापेक्षा आतली पोकळी महत्त्वाची; रक्त तिथून वाहते.

आता तर त्रिमितीय छपाई आली आहे. एखाद्या बालकाच्या हृदयात जन्मतः दोष असेल, तर सीटी स्कॅनवरून त्याच हृदयाची प्रतिकृती छापता येते आणि शस्त्रक्रियेआधी सर्जन ती हातात घेऊन वाट ठरवू शकतो.

मग मृतदेहाची गरजच काय, असे कोणी विचारेल. काही जण विचारतातही. त्यांना माझे उत्तर स्पष्ट आहे: गरज आहे. मॉडेल नेहमी सांगते, की शरीर असे असते. मृतदेह सांगतो, की या माणसाचे असे होते. रक्तवाहिनी एखाद्यात पुस्तकापेक्षा वेगळ्या ठिकाणाहून फुटते, एखाद्याच्या पोटात जुन्या शस्त्रक्रियेची चिकटलेली आतडी असतात. हा फरक प्लॅस्टिकमध्ये नसतो. आणि समोर कोणाची तरी आई, कोणाचा तरी भाऊ आहे, ही जाणीवही प्लॅस्टिक देत नाही. सुश्रुतांनीही दुधी-काकडीवर भागवले नाही. मृत शरीर पाण्यात ठेवून, सात रात्रींनंतर हळूहळू घासत एकेक थर कसा पाहावा, हे त्यांनी त्याच ग्रंथात सांगितले आहे. डोळ्यांनी पाहिलेले आणि शास्त्रातून कळलेले, या दोन्हींच्या मेळाने ज्ञान वाढते, हे त्यांचे सांगणे आहे.

म्हणून क्रम असा असावा: आधी मॉडेल करावे, शक्यतो स्वतःच्या हाताने, मग मृतदेहाजवळ जावे, आणि मगच रुग्णाजवळ. आधी मॉडेल करून आलेला विद्यार्थी विच्छेदनाच्या टेबलापाशी कमी गोंधळतो आणि दान मिळालेल्या देहाची नासाडी कमी होते. देह दुर्मिळ असताना ही बाब लहान नाही.

देह येतात कुठून? आपल्या राज्यात १९४९ च्या शरीररचना कायद्याने बेवारस मृतदेह शिक्षणासाठी देण्याची सोय केली. दुसरा मार्ग देहदानाचा. इच्छापत्र भरणारे पुष्कळ असतात. पण मृत्यूनंतर ते अमलात आणायचे असते घरच्यांना, तेही काही तासांच्या आत, दुःखाच्या भरात. घरात आधी बोलणे झालेले नसेल, तर कागद कपाटातच राहतो. अपघातासारख्या प्रकरणात शवविच्छेदन झालेला देह सहसा स्वीकारला जात नाही, हेही ठाऊक असावे.

तेव्हा ज्यांच्या मनात देहदान आहे, त्यांनी जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातील शरीररचनाशास्त्र विभागाकडे चौकशी करावी आणि त्याच दिवशी रात्री जेवताना घरच्यांना ते सांगावे. तुमच्या देहावर शिकलेला हात पुढची तीस-चाळीस वर्षे रुग्णांना तपासत राहणार असतो.