घोरण्याला हसू नका
(प्रभाग संघाच्या मासिक बैठकीतल्या बोलण्याचा मजकूर)

आज हप्त्याचं नाही, घोरण्याचं बोलायचंय. आलं ना हसू?

कोणी घोरायला लागलं की आपण म्हणतो, गाढ झोप लागली. नेहमीच तसं नसतं. झोपेत जीभ आणि घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट बंद होते. घोरणं एकदम थांबतं, काही सेकंद श्वासच नाही, मग गुदमरल्यासारखा दचका. रात्रीतून कितीतरी वेळा. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. संगीतकार बप्पी लाहिरी २०२२ साली मुंबईत गेले, तेव्हा डॉक्टरांनी हेच कारण सांगितलं होतं.

हा फक्त जाड्या पुरुषांचा आजार नाही. पाळी गेल्यावर बायकांमध्येही याचं प्रमाण वाढतं. पण बाई घोरते हे सांगायची लाज! मग सकाळी डोकं दुखतं, दिवसा डुलक्या येतात, बीपी वाढतं, आणि आपण म्हणतो, कामाचा शीण. घरचा माणूस वाळूजहून रात्रपाळी करून गाडीवर येत असेल तर त्याची डुलकी किती महागात पडेल, तुम्हीच बघा.

आता व्यायाम. ब्राझीलच्या साओ पावलोमधल्या डॉक्टरांचा २००९ सालचा अभ्यास आहे. मध्यम त्रास असलेले ३१ रुग्ण, त्यातल्या साधारण निम्म्यांना तीन महिने रोज अर्धा तास व्यायाम. त्यांचा श्वास अडायचं प्रमाण तासाला सुमारे २२ वरून १४ वर आलं. म्हणजे कमी झालं, गेलं नाही. हे नीट लक्षात ठेवा.

जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकवून टाळूवरून मागे सरकवायचं. सगळी जीभ टाळूला चिकटवून धरायची. टोक खालच्या दातांना लावून जिभेची मागची बाजू खाली दाबायची. लांब ‘आ’ म्हणत पडजीभ वर उचलायची, आरशात दिसते. गालात आतून बोट घालून बाहेर ढकलायचं आणि गालानं बोट आत दाबायचं. आणि भाकर दोन्ही बाजूंनी आलटून-पालटून चावायची. एवढं तर फुकट आहे!

पण आधी तपासणी. घाटीच्या कान-नाक-घसा विभागात दाखवा. झोपेची तपासणी कुठे होईल ते तिथेच विचारा. डॉक्टरांनी रात्री नाकाला लावायचं हवेचं मशीन दिलं असेल तर व्यायाम सुरू केला म्हणून ते बंद करायचं नाही. झोपेच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत, आणि दारूनं तर घसा अजून सैल पडतो, हे घरी सांगा.

आज रात्री एक करा. शेजारी झोपणाऱ्याचं घोरणं मध्येच थांबतं का, ते ऐका. आणि तुमचं कसं आहे, ते त्यांना विचारा.