कढई सगळ्यांची



दुबईत मराठी माणसाकडे पाहुणे गेले की एक संध्याकाळ अल सतवा या जुन्या वस्तीसाठी राखलेली असते. तिथलं ‘रावी’ हे पाकिस्तानी हॉटेल १९७८ पासून चालू आहे. नाव लाहोरजवळून वाहणाऱ्या नदीचं, थाट अगदी साधा आणि ख्याती एवढी की २०२२ मध्ये आदिदास कंपनीने त्याच्यावरून खास हिरवे-पांढरे बूट काढले. अशी हॉटेलं दुबईत आणखीही आहेत. थंडीच्या दिवसांत टेबलं बाहेर फुटपाथवर येतात. टॅक्सीचालक, ऑफिसातली माणसं, लेकुरवाळी कुटुंबं, सगळे शेजारी-शेजारी जेवतात.

अशा ठिकाणी घरच्यांना घेऊन जाण्यात जो आनंद आहे, त्याचं मूळ मला कढईत दिसतं. एरवी हॉटेलात आपण ज्याची त्याची डिश मागवतो. मुलाला नूडल्स, आजोबांना इडली. कढई, म्हणजे त्याच भांड्यात शिजवून वाढलेलं मटण किंवा चिकन, मात्र बहुतेक ठिकाणी वजनावर मिळते, अर्धा किलो किंवा एक किलो. त्यामुळे मटण की चिकन, तिखट किती, हे आधी घरातल्या घरात ठरवावं लागतं. आणि ती ताजी शिजते, म्हणून वाट बघावी लागते. तोवर काकडी-मुळ्याचं ताट असतं, रायता असतो, एखादा सीख कबाब असतो आणि एरवी मोबाइलमध्ये बुडालेली मुलं गप्पांत येतात.

पेशावरी कढईत मटण, टोमॅटो, हिरवी मिरची, मीठ आणि चरबी. बस्स. कांदा-खोबऱ्याच्या वाटणावर वाढलेल्या आपल्या जिभेला हे खरंही वाटत नाही. पण मोठ्या आचेवर टोमॅटो आटत जातो, मटणाच्या अंगाला लागतो, कडेने तेल सुटतं, आणि लोखंडी कढई तशीच चरचरत टेबलावर येते. मग सगळ्यांचे हात एकाच दिशेने जातात.

निहारी या मांसाच्या रश्शाची गोष्ट वेगळी. ती रात्रभर मंद आचेवर शिजते. वरून आल्याचे उभे काप, हिरवी मिरची, लिंबू. फाळणीनंतर दिल्लीचे कितीतरी खानसामे कराचीला गेले आणि त्यांच्याबरोबर ही निहारीही गेली. मुंबईत मोहम्मद अली रोडच्या आसपास ज्यांनी नळी निहारी खाल्ली आहे, त्यांना ती परकी वाटणार नाही. एवढंच, की ती बहुधा ‘बडे का’, म्हणजे गाई-म्हशीचं, गोश्त घालून करतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी सरळ विचारावं. कोणी राग मानत नाही.

माझ्या सासूबाई माळकरी. त्यांना अशा हॉटेलात न्यावं का, यावर आमच्या घरी बरीच चर्चा झाली. शेवटी त्याच म्हणाल्या, “चला, मी डाळ-रोटी खाईन.” तिथला सियालकोटचा एक वेटर मुलगा त्यांच्याकडे वळला आणि म्हणाला, “माँजी, आपके लिए दाल का तड़का अलग लगवाता हूँ.” त्याने त्यांच्यासाठी कोरी ताटली आणली, डाव वेगळा ठेवला आणि आमचे कबाब टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवले. आमच्यापैकी कोणी त्याला काही सांगितलं नव्हतं. सासूबाईंनी त्याला आईवडिलांचं विचारलं, गावाकडे शेती किती, लग्न झालं का, सगळं विचारलं. दोन देशांत काय काय घडून गेलं आहे ते त्या दोघांनाही माहीत होतं. तरी ती चौकशी मनापासून होती आणि उत्तरंही मनापासून होती. त्या टेबलावर मला ते फार मोलाचं वाटलं.

तुम्ही जाल तेव्हा मुलं बरोबर असतील तर आठच्या आत पोहोचा, नंतर फार ताटकळावं लागतं. आणि नान एकदम सगळे मागवू नका. गार झाला की तो चिवट होतो. दोन-दोन मागवा, तंदूरमधून आले की लगेच वाटून घ्या.