आवड बदलणे म्हणजे धरसोड नव्हे
(अर्धापूर येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या विद्यार्थी-साहाय्य निधीसंबंधी एक प्रश्न आज आपणांपुढे आहे. दूरचित्रवाणीच्या कार्यक्रम-निर्मितीचे शिक्षण घेणाऱ्या आपल्या एका विद्यार्थ्याने वर्षभरात दोनदा आवड बदलली. प्रथम त्यास वृत्तनिवेदक व्हावयाचे होते. मग कॅमेऱ्याचा छंद लागला. आता तो संकलनाकडे वळू इच्छितो. “पोरगा धरसोडीचा आहे, मदत थांबवा,” असे काही वडीलधारी मंडळी म्हणतात. केळीच्या बागेवर राबून आईबापांनी उभा केलेला पैसा वाया जाऊ नये, ही त्यांची कळकळ रास्त आहे. तथापि आमचे मत निराळे आहे.

पडद्यावर आपणांस चेहरा दिसतो; त्यामागील हात दिसत नाहीत. स्टुडिओत अनेक कॅमेरे एकाच वेळी चालतात. त्यांपैकी कोणते चित्र घ्यावयाचे, हे दिग्दर्शक नियंत्रणकक्षात बसून ठरवितो. त्याच्या सूचना कानाला लावलेल्या यंत्रातून ऐकून फ्लोअर मॅनेजर त्या हाताच्या खुणांनी कलावंतांस कळवितो. कारण तो बोलला तर त्याचाही आवाज मुद्रित व्हावयाचा! ध्वनिमुद्रक आवाज सांभाळतो. संकलक नको तो भाग गाळून उरलेल्याची सुसंगत जुळणी करतो. ही कामे अर्धापुरात बसून मुलास कशी कळावीत? आत पाऊल टाकल्यावरच दृष्टी चेहऱ्यावरून हातांकडे वळते. ही चंचलता नव्हे. ही कामाची ओळख होय.

श्रीमती सई परांजपे यांचे उदाहरण पाहा. प्रथम पुणे आकाशवाणीवर निवेदन. १९६३ साली राष्ट्रीय नाट्य विद्यालयातील शिक्षण पूर्ण. पुढे दिल्लीच्या दूरचित्रवाणीवर निर्मितीचे काम. आणि त्यानंतर ‘स्पर्श’, ‘चश्मेबद्दूर’ यांसारखे चित्रपट. २००६ साली त्यांस पद्मभूषण मिळाले. क्षेत्र बदलले, परंतु आधीची शिदोरी पुढच्या मुक्कामी कामास आली.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळी आपल्या भागातील मुलास हे काम शिकणे स्वप्नवतच होते. आज नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातच माध्यमशास्त्राचे शिक्षण मिळते. पुण्याच्या फिल्म आणि टेलिव्हिजन संस्थेत दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन आणि ध्वनी यांचे शिक्षण स्वतंत्रपणे दिले जाते. म्हणजे एकाच वाड्याच्या या निरनिराळ्या खोल्या आहेत. एका खोलीतून दुसरीत गेलेल्यास घर सोडून गेला असे कोणी म्हणत नाही.

मात्र आवडीच्या नावाखाली आळसास आश्रय मिळू नये. ज्या बदलानंतर हाती काहीच उरत नाही, ती खरी धरसोड. यास्तव आमच्या तीन सूचना आहेत. विद्यार्थ्याने दर सहामाहीस स्वहस्ते पुरे केलेले एक काम मंडळास दाखवावे. आपल्या केळीच्या बागांवरील लहानसा माहितीपटही चालेल. दुसरे, या व्यवसायात पुष्कळदा काम कंत्राटाने मिळते, मिळकत अनियमित असते. म्हणून पदवी अर्धवट सोडू नये. तिसरे, हेच नियम आपल्या कन्यांसही लागू असावेत.

या अटींवर साहाय्य चालू ठेवावे, अशी सभेस नम्र विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.